लिम्फोमा बरा झाला, तरी फाईल जपा

मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ, बारीक ताप, रात्री घाम, वजनात घट. अशा रोग्यात आपल्याकडे प्रथम क्षयाची शंका घेतली जाते. काही वेळा मात्र गाठीच्या तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग निघतो. त्यातल्या एका प्रकाराचे वर्णन १८३२ साली टॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरांनी केले. हा हॉजकिन लिम्फोमा तरुणांत बराच आढळतो आणि बहुतेक रोगी उपचारांनी पूर्ण बरे होतात. पंचविशीतला मुलगा बरा झाला की त्याच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षे उरतात. या वर्षांत काय सांभाळायचे, ते फारसे कोणी सांगत नाही.

रोग मारणारी औषधे आणि किरण शेजारच्या निरोगी अवयवांनाही थोडे लागतात. त्याचा परिणाम कधी कधी दहा-वीस वर्षांनी दिसतो. छातीला ‘शेक’ घेतलेल्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्या व झडपा लवकर खराब होऊ शकतात. अॅड्रियामायसिन हे औषध (त्याचा लाल रंग रोग्यांच्या चांगला लक्षात असतो) हृदयाचा स्नायू दुबळा करू शकते. म्हणून आयुष्यभरात ते एकूण किती दिले, याचा हिशेब ठेवावा लागतो. अशी व्यक्ती चाळिशीत जिना चढताना छाती भरून येते म्हणाली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन बसू नये. त्याच दिवशी कार्डिओग्राम काढावा. ब्लिओमायसिनने फुप्फुसांना इजा होऊ शकते; अशांनी बिडी-सिगारेट ओढणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

मानेला शेक मिळाला असेल, तर थायरॉइड मंदावणे बरेच आढळते. अंग जड, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, वजन वाढते. घरचे म्हणतात, आजारपणाने आळशी झाला! वर्षातून एकदा टी.एस.एच. तपासले की उलगडा होतो आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका लहानशा गोळीने काम भागते.

दहा ते तीस या वयात छातीला शेक घेतलेल्या मुलींत पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यांनी चाळिशीची वाट पाहू नये. शेक संपून आठ वर्षे झाली की, साधारण पंचविशीनंतर, तज्ज्ञांच्या सल्ल्याने दरवर्षी तपासणी सुरू करावी. पूर्वी काही रोग्यांची प्लीहा, म्हणजे पाणथरीही काढत. त्यांनी न्यूमोनियाची लस घ्यावी आणि थंडी वाजून ताप आला तर घरी थांबू नये.

हे वाचून घाबरू नये. आजचे शेक पूर्वीपेक्षा कमी मात्रेचे व कमी जागेवर असतात, औषधेही बदलली आहेत. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ पासून वेगळा बाह्यरुग्ण विभाग ठेवला आहे. पण तिथेही पहिला प्रश्न येतो: कोणते औषध, किती, शेक कुठे?

इथेच आपल्याकडे घोळ होतो. मुलीचे लग्न जमेना, म्हणून घरचे फाईल बंबात घालतात. सासरी बोलायचे नाही, म्हणून ती डॉक्टरांपाशीही बोलत नाही. छातीवरचे, शेकाच्या खुणेचे गोंदलेले निळे ठिपके पाहून मी विचारले, तेव्हा ‘लहानपणी गाठ होती’ एवढेच सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सासूबाईंना सांगावे की नाही, हा तुमचा प्रश्न. डॉक्टरांना मात्र सांगा, ते चारचौघांत बोलत नाहीत. फाईल हरवली असेल, तर उपचार झाले त्या रुग्णालयाला केस नंबर कळवून सारांश मागवावा.

मुले होतील का, असे विचारणारे पुष्कळ. १९६० च्या दशकातल्या औषधांनी वंध्यत्व बरेच येई. १९७० च्या दशकात मिलानमध्ये सुरू झालेल्या चार औषधांच्या पद्धतीत ते खूप कमी. तरी अविवाहित तरुणाने उपचारांआधीच वीर्य साठवण्याविषयी विचारावे, नंतर उशीर होतो. आणि लाल औषध किंवा छातीला शेक घेतलेल्या स्त्रीने दिवस राहण्यापूर्वी एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. बाळंतपणात हृदयावर पडणारा ताण तिला इतरांपेक्षा जास्त जाणवू शकतो.