हृदयाच्या एमआरआयला श्वास का रोखायचा?

प्रश्न : वडिलांच्या हृदयाचा एमआरआय लातूरला झाला. सारखं ‘श्वास धरा’ सांगत होते. एवढ्या महागड्या यंत्राला एका दमात फोटो काढता येत नाही का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : एमआरआय फोटो काढतच नाही. ते शरीरातून येणारे रेडिओलहरींचे संकेत टिपते. फूरिए या गणितज्ञाच्या गणिताने संगणक त्यातून चित्र उभे करतो. एका ठोक्यात पुरेसे संकेत मिळत नाहीत, म्हणून ईसीजीच्या तालावर अनेक ठोक्यांतले तुकडे जोडावे लागतात. मध्येच श्वासाने छाती हलली की चित्र पुसट! ठोके अनियमित असले तरी तेच. १९९९च्या ‘सेन्स’ पद्धतीने अनेक कॉइल्सचे (संकेत टिपणाऱ्या वेटोळ्यांचे) संकेत एकत्र वापरून वेळ वाचवला. पुढे ‘कॉम्प्रेस्ड सेन्सिंग’ने मोजक्या संकेतांवरच भागवले. वडिलांना दम धरवत नसेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा. श्वास चालू ठेवूनही तपासणी होते, चित्र मात्र थोडे कमी रेखीव येते.