अपस्माराची नोंद

बंगळूरच्या जयनगर वसाहतीनजीक होसूर रस्त्यावर ‘निम्हान्स’ ही मेंदू व मन यांच्या विकारांवरील राष्ट्रीय संस्था आहे. तेथील संशोधकांनी १९९३ ते १९९५ या काळात शहर व भोवतालच्या खेड्यांतील १,०२,५५७ लोकांची पाहणी केली. अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, रुग्ण शहरात दर हजारी ५.७, तर खेड्यांत ११.९ आढळले. सर्वांची नोंद एकाच पद्धतीने झाल्यामुळेच ही तुलना करता आली.

आता पुष्कळ रुग्ण आपली नोंद स्वतःच ठेवतात. कोणी मोबाइलमधील ॲपमध्ये झटक्याची वेळ लिहितो. कोणाच्या मनगटावरील पट्टी हाताची हालचाल व त्वचेची विद्युद्वाहकता मोजते. समजा, पट्टीच्या नोंदीत एका दिवशी शून्य झटके आहेत. या शून्याचा अर्थ काय? झटका आलाच नाही, पट्टी काढून ठेवली होती, की क्षणभर भान हरपविणारा सौम्य झटका तिला कळलाच नाही? अशा पट्ट्या मुख्यतः सर्वांगास आचके देणारे मोठे झटकेच ओळखतात. रुग्णाच्या लेखनावरही सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण शुद्ध हरपली असता झटक्याची आठवण बहुधा राहत नाही. औषधाची मात्रा मात्र याच आकड्यांवरून ठरवावयाची असते!

म्हणून झटक्यांच्या संख्येबरोबर तो कोणी पाहिला, किती वेळ टिकला, उपकरण किती तास अंगावर होते, हेही ठराविक जागी लिहिले गेले पाहिजे. अशा देवघेवीसाठी ‘फायर’ नावाचा आंतरराष्ट्रीय साचा आहे. भारतात २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने तोच स्वीकारला आहे. ‘स्नोमेड सीटी’ हा कोश प्रत्येक वैद्यकीय संज्ञेस स्वतंत्र क्रमांक देतो. नावे बदलतात, तेव्हा असा क्रमांक उपयोगी पडतो. झटक्यांच्या प्रकारांची १९८१ सालची कित्येक नावे २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मार संघाने बदललीच.

परंतु साचा तयार करणाऱ्यास रुग्णाचा प्रदेशही ठाऊक असावा लागतो. दक्षिण कर्नाटकात डोक्यावरून कढत पाणी घेऊन स्नान करताना झटका येणारे रुग्ण आढळतात. निम्हान्सचे डॉ. पी. सतीशचंद्र यांनी या प्रकाराचा विस्तृत अभ्यास केला आहे. ॲपमधील कारणांच्या यादीत जागरण, ताप व चुकलेली गोळी एवढेच असेल, तर हे स्नान ‘इतर’ या रकान्यात जाते, आणि त्या रकान्यात काय काय पडले आहे हे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक अशा पुष्कळ रुग्णांना कढत पाण्याऐवजी कोमट पाणी घेतल्यानेच आराम पडतो.