अप्पांचे अंक आणि तुझी स्क्रिप्ट

शीव,
२० ऑक्टोबर २०२४

चि. मनू,

काल रात्री वहिनीचा फोन येऊन गेला तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. "मनूने अप्पांचे सगळे दिवाळी अंक बारीक करून टाकले, डिस्क रिकामी झाली, आता फोनवर भराभर उघडतात," असं ती कौतुकाने सांगत होती. 'डिस्क रिकामी झाली' हे कानावर पडलं आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. त्यात आज सकाळी गिरगावच्या माईचा फोन. तू पाठवलेलं एक पान ती वाचत होती, तर 'धन' च्या जागी तिने 'घन' वाचलं आणि वाक्य लागेना म्हणून मला विचारलं. माईचं वय झालं असेल, पण चाळीत पोथी वाचायला तिलाच बसवायचे, तिच्या वाचण्यावर माझा भरवसा आहे. मी ते पान मागवून मोठं करून पाहिलं. 'ध' च्या डोक्यावरची फट बुजली होती. शिरोरेघ सलग झाली की 'ध' चा 'घ' होतो, दुसरं काही लागत नाही.

तेव्हा आधी एवढंच कळव: मूळ टिफ फायली जागेवर आहेत ना?

तुला ठाऊक आहे, ट्रंकेतल्या कागदाला आता हात लावला की भुगा होतो. त्या काळचा स्वस्त कागद, आतल्या आम्लानेच तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, वर आपल्या मुंबईची हवा. ते अंक पुन्हा स्कॅनरवर पालथे घालता येणार नाहीत. मी ६०० डीपीआयला जे स्कॅन केलं तेच आता अप्पांचे अंक. काही अंक १९६२ च्या आधीचे आहेत, म्हणजे शुद्धलेखनाचे नवे नियम येण्यापूर्वीचे. त्यात 'घरें', 'माणसें' असे न उच्चारायचे अनुस्वार ओळीओळीवर आहेत. तू पान सहाशे पिक्सेल रुंद केलंस. पाच इंची पान धर, म्हणजे इंचाला एकशेवीस पिक्सेल झाले. बारीक टाइपातला अनुस्वार जेमतेम दोन पिक्सेलचा उरतो. त्यावर जेपेग चालवलंस की तो ठिपका आहे की कागदावरचा डाग, हे पुढे कोणी सांगू शकणार नाही.

तुझ्या कामाला मी नावं ठेवतोय असं समजू नकोस. डोळ्याला न कळता चित्रातला ऐवज कमी करायचा, हीच माझी जन्मभराची भाकरी. परळच्या प्रेसमध्ये प्रोसेस कॅमेऱ्यावर मी हाफटोन काढत होतो तेव्हा काय करत होतो? फोटोतल्या हजारो छटा फेकून द्यायच्या आणि काळे ठिपके तेवढे ठेवायचे, लहानमोठे. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचात पासष्ट ते पंच्याऐंशी ओळींची स्क्रीन, आर्ट पेपरला एकशे तेहेतीस नाहीतर दीडशे. वाचणाऱ्याला चेहरा दिसायचा, ठिपके दिसायचे नाहीत. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते, दादरला त्यांची लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स होती. तू करतेस ते आमच्याच घराण्यातलं काम आहे. म्हणून तर बोलतोय.

जेपेगच्या मुळाशी जे गणित आहे ते नासिर अहमद यांचं. तू राहतेस त्या बंगळूरातच १९४० मध्ये त्यांचा जन्म झाला. १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करायला त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबरचा तो निबंध १९७४ मध्ये छापून आला. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात हळू बदलणारं किती आणि झपाट्याने बदलणारं किती हे वेगळं काढायचं, आणि झपाट्याने बदलणारं आधी सोडून द्यायचं, कारण डोळा तिकडे कमी लक्ष देतो. फोटोला हे चपखल बसतं. पण मनू, छापील अक्षराची कड म्हणजे झपाट्याने बदलणारंच सगळं! कागद पांढरा, लगेच शाई काळी. तिथे काटकसर केली की अक्षराभोवती मळकट धूर दिसतो आणि फटी बुजतात. माईचा 'घ' तिथून आला.

गणपतीत तू मला तुझा कोड दाखवला होतास. ओळन् ओळ कळली नाही, पण मुखपृष्ठ आणि मजकुराचं पान दोघांना एकच माप लावलं होतंस एवढं लक्षात राहिलं. तुझ्या कोडमध्ये जेपेग बनवणाऱ्या पिलोला काही सांगितलं नाही तर ते ७५ घेतं, आणि ७५ म्हणजे पंच्याहत्तर टक्के दर्जा नव्हे, तो नुसता एक आकडा. शिवाय रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी करून टाकतं. चित्रकार दलालांच्या मुखपृष्ठावरची ठसठशीत लाल रेघ मग शेजारच्या पिवळ्यात पसरते. मुखपृष्ठांना सबसॅम्पलिंग शून्य ठेव. मुळगावकरांचं चित्र असेल तर आणखी सांभाळून: गालावरची छटा इतकी मऊ उतरत जाते की आकडा जरा खाली आला की तिथे पायऱ्या दिसतात. मजकुराची पानं मात्र करड्या सोळा छटांत पीएनजी करून बघ. कागदाचा पिवळेपणा आणि डाग आधी काढलेस तर फाईल जेपेगपेक्षा मोठी होईलच असं नाही, आणि अक्षराची कड शाबूत राहील.

आणि एक गोष्ट तुला कुठल्या पुस्तकात पटकन सापडायची नाही. अंकांतली रंगीत चित्रं हाफटोनची आहेत. काळा पंचेचाळीस अंशांवर, निळा पंधरावर, किरमिजी पंच्याहत्तरवर, पिवळा सरळ, अशी ठिपक्यांची जाळी एकमेकींवर बसलेली. ती तशीच लहान केलीस की जाळीची पिक्सेलशी गाठ पडते आणि आकाशात, गालावर लाटा उठतात. फाईलही लहान होत नाही, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे जेपेगच्या दृष्टीने बारीक तपशील. बिचारं ते ठिपके जपण्यात जागा खर्च करतं. आधी ठिपके एकमेकांत मिसळतील एवढंच मूळ चित्र धूसर कर, मग लहान कर, शेवटी थोडी धार दे. सगळ्यात जास्त जागा इथे वाचेल, आणि चित्र उलट सुधारलेलं दिसेल. आमच्याकडे छापील चित्रावरून पुन्हा ब्लॉक करायची वेळ आली की कॅमेऱ्याचा फोकस किंचित सोडायचे, तीच ही युक्ती.

पण हे सगळं मूळ फायलींवरून. लहान केलेल्या जेपेगवरून पुन्हा लहान केलंस तर दर वेळी थोडं जातं आणि गेलेलं परत येत नाही. म्हणून विचारतो, मूळ आहेत ना?

ऑफसेट आलं तेव्हा आमच्या प्रेसमधले जस्ताचे आणि तांब्याचे ब्लॉक किलोवर विकले गेले. मी पंचविशीत होतो. हातगाडीवर ते रचले जात होते, वरच एक दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं, उलटं, दिवे उजवीकडून डावीकडे. मला ते हवं होतं. मागितलं असतं तर दिलंही असतं कोणी. मी गाडी जाईपर्यंत उभा राहिलो आणि खात्यात परत गेलो. आजही लालबागच्या पुलाखालून जाताना भंगाराची गाडी दिसली की तो ब्लॉक आठवतो. तुला असं काही आठवायला लागू नये.

आणखी एक. पीडीएफ करताना जेबिग-२ नावाचा प्रकार असेल तर तो तोटा न करणाऱ्या पद्धतीवरच ठेव. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझेलने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅनमधले आकडेच बदलत होती, सहाचा आठ होत होता. सारखी दिसणारी अक्षरं एकच समजून एकाचा ठसा सगळीकडे वापरायचा, अशी ही जेबिग-२ ची तोटा करणारी पद्धत. पान स्वच्छ दिसतं, धूरबीर काही नाही, म्हणून शंकाही येत नाही. आपल्याकडे 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' आहेत. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली, पण तोवर झालेली कागदपत्रं तशीच राहिली असतील.

कोडमध्ये मूळ फोल्डर फक्त वाचायचा, लिहायचं दुसरीकडेच, एवढी एक अट घाल. आणि तपासताना बेरीज-सरासरीच्या आकड्यावर जाऊ नकोस. पानाचा बहुतेक भाग कोराच असतो, त्यामुळे सरासरी नेहमी छान येते. सगळ्यात वाईट पान घे, पूर्ण मोठं कर आणि जोडाक्षरं वाच.

मी जरा जास्तच बोललो का? वहिनीला तांत्रिक कळत नाही, 'रिकामी झाली' म्हणजे तू फायली दुसऱ्या डिस्कवर हलवल्या असशील, आणि मी उगाच रात्रभर कूस बदलत राहिलो असेन. असू दे. अप्पा गेल्यावर ती ट्रंक उघडून बघणारी घरात तू एकटीच होतीस, हे मी विसरलेलो नाही. बाकीच्यांनी रद्दीचा भाव विचारला होता. माईला तिच्या लहानपणचा अंक फोनवर दिसला, तोही तुझ्यामुळेच. चुकलेलं एक अक्षर सांगायला तिने मला फोन केला, पण त्याआधी ती तासभर वाचत बसली होती, हे तिचा नातू म्हणाला.

जागा कमी पडत असेल तर नवी डिस्क मी घेऊन देतो. दोन घेऊ, एक तुझ्याकडे राहील, एक शीवला माझ्या कपाटात. पैशांचं नाव काढायचं नाही. भाऊबीजेला ३ तारखेला सगळे जमतोय, तिकीट मिळालं तर येच. शीव स्टेशनवरचा जुना पूल ऑगस्टपासून बंद आहे, रात्रीची गाडी असेल तर दादरलाच उतर, मी न्यायला येतो. काकूने तुझ्यासाठी अनारशाचं पीठ करून ठेवलंय. लॅपटॉप आण, माईचं ते पान आपण दोघं बसून नीट करू.

तेवढं मूळ फायलींचं मात्र आजच कळव. नसल्या तरी कळव. मी रागावणार नाही.

तुझा,
भाऊकाका