प्लगची फट : मापाने लावा, अंदाजाने नको

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरकडे मोटारसायकलवर कापडाचे गठ्ठे नेणारे आम्ही व्यापारी पेट्रोलच्या भावाची चर्चा रोज करतो. पण ज्या प्लगच्या ठिणगीने ते पेट्रोल जळते, तो प्लग गाडी बंद पडेपर्यंत उघडून पाहत नाही. आठवडी बाजाराला दोन तास उशीर झाला, तर मोक्याची जागा आणि सकाळचे गिऱ्हाईक दोन्ही हातचे जातात. म्हणून हा लहानसा विषय.

प्लगच्या टोकाला मधला खांब आणि त्यावर वाकलेली पट्टी असते. कॉइलमधून आलेली हजारो व्होल्टची वीज या दोहोंमधील फट ओलांडते, तीच ठिणगी. फट कमी असेल तर ठिणगी तोकडी पडते; गाडी मंद चालीत गचके देते. वापराने टोके झिजून फट वाढते. मग ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि नेमके ओझे घेऊन चढावर इंजिन मिसिंग करते. न जळलेले पेट्रोल धुराड्यातून जाते, पैसे आपले.

प्रत्येक गाडीचे माप वेगळे असते. हिरो स्प्लेंडर प्लसला ते ०.८ ते ०.९ मिलिमीटर आहे. आपल्या गाडीचे माप तिच्या पुस्तकात पाहावे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमाने बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, तरी प्लग आहेच. डिझेल टेम्पोला मात्र ठिणगीचा प्लग नसतो.

काम असे करावे. इंजिन थंड होऊ द्यावे. प्लगभोवतीची धूळ फुंकून मगच प्लग पान्याने काढावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओले तेलकट म्हणजे ऑइल वर येते. पांढरेफटक म्हणजे इंजिन जास्त तापते. काजळी ब्रशने काढावी. मग फिलर गेज घ्यावे. स्प्लेंडर प्लसला ०.८० ची पाती सरकावी, ०.९५ ची शिरू नये. फट बदलताना फक्त बाहेरची पट्टी हलकेच वाकवावी. मधल्या खांबावर जोर दिल्यास चिनी माती तडकते. इरिडियम प्लगची फट घरी छेडू नये. बसवताना आधी हातानेच आटे धरावेत, शेवटी पान्याने बेताचे आवळावे. आटे खराब झाले तर खर्च हेडचा येतो.

टोके गोल झिजली असतील तर फट जुळवत बसू नये, प्लग बदलावा.

बंधूंनो, गाडी अडखळली की एकदम मोठे काम काढू नका. मिस्त्रीला आधी प्लग दाखवायला सांगा. तो नुसत्या नजरेने फट लावत असेल, तर गेज मागा. कापड आपण नजरेने मोजून देत नाही. मग मिलिमीटरहून लहान फट नजरेने कशी लागेल? डिकीत एक चांगला प्लग व पाना ठेवा, म्हणजे बाजाराचा दिवस वाया जाणार नाही.