दुकानाच्या सर्व्हरसाठी प्रोसेसर कोणता, मेमरी कोणती?

पूर्वी पेढीचा सारा हिशेब लाल कापडात बांधलेल्या चोपड्यांत असे. आज तो संगणकात आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून लहान व्यापाऱ्यालाही संगणकावाचून गत्यंतर उरलेले नाही. जेथे एक संगणक होता तेथे आता तीन-चार झाले आहेत: एक बिलाच्या गल्ल्यावर, एक गोदामात, एक मुनीमजींच्या टेबलावर. हे सर्व एकाच हिशेबावर चालवायचे तर तो हिशेब सांभाळणारे एक मध्यवर्ती यंत्र लागते. त्यालाच सर्व्हर म्हणतात. साडीची नक्षी, भरतकामाचे डिझाइन किंवा छपाईची पाने तयार करणाऱ्या ताकदवान संगणकाला वर्कस्टेशन म्हणतात.

अशी यंत्रे घ्यायला आपला व्यापारी किंवा कारखानदार बाजारात गेला की विक्रेता त्याला कोअरचे आकडे ऐकवतो: आठ कोअर, सोळा कोअर, अठ्ठावीस कोअर. मेमरीबद्दल मात्र ‘किती जीबी?’ यापलीकडे बोलणे होत नाही. ती कोणत्या जातीची आहे, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. आमचे सांगणे याच्या उलट आहे. मर्यादित पैशात यंत्र घ्यायचे असेल तर प्रोसेसरवरचा हात थोडा आखडता घ्या, पण मेमरी चोख घ्या. याचे कारण पुढे सविस्तर देत आहोत.

आधी काम ओळखा

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील एकेक कारागीर, आणि गिगाहर्ट्झ म्हणजे त्याच्या हाताचा वेग. शंभर ओढण्यांवर भरतकाम करायचे असेल तर दहा कारागीर काम लवकर उरकतील. पण एकाच ओढणीतील एकच फूल भरायचे असेल तर नऊ जण बसून राहतील आणि दहाव्याच्या हाताच्या वेगावरच सारे अवलंबून राहील. संगणकातही असेच घडते.

टॅलीसारखा हिशेब तीन-चार टेबलांवरून चालत असेल, तर साध्या मांडणीत आकडेमोड त्या त्या टेबलावरचा संगणकच करतो. सर्व्हर फक्त फाइल पुरवतो. अशा सर्व्हरला चार ते सहा कोअर पुरेसे आहेत. काम संथ चालत असेल तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा किंवा रखडणाऱ्या वायफायचा असतो. तेथे एसएसडी आणि गिगाबिटची वायर टाकल्यास जो फरक पडतो, तो महागड्या प्रोसेसरने पडत नाही.

दुसरा प्रकार असा की सर्व माणसे दुरून सर्व्हरवरच येऊन काम करतात, टेबलावर केवळ पडदा असतो. येथे प्रत्येक माणसाचा भार सर्व्हरवर येतो. दहा माणसांसाठी आठ कोअर धरावेत. मेमरी माणशी किमान २ जीबी आणि शिवाय यंत्राच्या स्वतःच्या गरजेसाठी ८ जीबी धरावी, म्हणजे ३२ जीबीत काम सुखाने चालते.

तिसरा प्रकार डिझाइनच्या वर्कस्टेशनचा. नक्षीकाम व रेखाटनाचे बरेचसे सॉफ्टवेअर एका वेळी एक-दोन कोअरच वापरते. तेथे सहा किंवा आठ वेगवान कोअर हे सोळा संथ कोअरपेक्षा सरस ठरतात. व्हिडिओ तयार करणे किंवा त्रिमिती चित्रे पक्की करणे यांसारख्या कामांत मात्र जास्त कोअरचा पैसा खरोखर वसूल होतो.

कोअरचा आणखी एक छुपा खर्च आहे. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना कोअरच्या संख्येवर मिळतो. किमान १६ कोअरचे पैसे भरावेच लागतात आणि त्यापुढे प्रत्येक वाढीव कोअरबरोबर खर्च वाढतो. वापरणाऱ्यांचे प्रवेश-परवाने वेगळेच. म्हणून लहान पेढीने १६ कोअरची मर्यादा ओलांडू नये. चार-पाच टेबलांचे फाइलपुरते काम असेल तर साधे विंडोज प्रोही चालते. त्यावर एका वेळी २० जोडण्यांपर्यंत मुभा आहे.

मेमरीतील एका चुकीची किंमत

आता मुख्य मुद्दा. मेमरी प्रत्येक आकडा शून्य आणि एक अशा खुणांनी धरून ठेवते. एका खुणेला बिट म्हणतात. चिपमधील दोष, वीजप्रवाहातील गडबड किंवा अवकाशातून येणारे सूक्ष्म कण यांमुळे क्वचित एखादी खूण आपोआप उलटते.

समजा, एका गिऱ्हाइकाकडे १८,००० रुपये उधारी आहे. हा आकडा साध्या द्विमान पद्धतीने मेमरीत असेल, तर त्यात १६,३८४ किमतीची एक खूण ‘एक’ असते. ती एकटी खूण उलटून ‘शून्य’ झाली तर उधारी उरते १,६१६ रुपये. यंत्र बंद पडत नाही. पडद्यावर लाल अक्षरे येत नाहीत. चुकीचा आकडा डिस्कवर लिहिला जातो, रात्रीच्या बॅकअपमध्येही तोच जातो. महिन्याने ताळा जुळत नाही तेव्हा संशय येतो तो गल्ल्यावर बसणाऱ्या पोरावर. गिऱ्हाइकाचा हिशेब ही दुकानदाराकडे असलेली अमानत आहे. तिच्यात अशी खोट येणे हे केवळ यंत्राचे नुकसान नव्हे.

प्रत्येक उलटलेली खूण उधारीवरच पडते असे नाही. ती रिकाम्या जागी पडली तर काहीच होत नाही, एखाद्या सूचनेवर पडली तर यंत्र अचानक बंद होते. पण ही भीती निव्वळ कागदी नाही. गूगल कंपनीच्या हजारो सर्व्हरांवरील नोंदींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत किमान एक चूक नोंदली गेली होती. एकदा चूक दाखवणारी पट्टी पुन्हा पुन्हा चुकते, हेही त्यात दिसून आले.

ईसीसी म्हणजे काय?

यावरचा उपाय जुना आहे. बेल लॅबोरेटरीजमधील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली चूक ओळखून ती दुरुस्त करणारी आकड्यांची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच विचारावर ईसीसी मेमरी चालते. साधी मेमरी ६४ बिट ठेवते. डीडीआर४ जातीची ईसीसी मेमरी त्याच ६४ बिटांबरोबर ताळ्याचे ८ बिट जादा ठेवते. एक बिट चुकला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन चुकले तर दुरुस्ती होत नाही, पण चूक लपतही नाही. यंत्र थांबते किंवा इशारा देते. मुनीमजी दोन्ही बाजूंची बेरीज जुळवतात, तसाच हा प्रकार, फक्त क्षणोक्षणी चालणारा.

येथे एका गैरसमजापासून सावध राहावे. डीडीआर५ मेमरी विकताना ‘हिच्यात ईसीसी आतच असते’ असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपच्या पोटात स्वतःपुरती दुरुस्ती असते हे खरे. पण चिपमधून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही आणि केलेल्या दुरुस्तीची खबर ती यंत्राला देत नाही. सर्व्हरसाठी जी ईसीसी हवी ती वेगळी. तिच्या पट्टीवर जादा चिप बसवलेल्या असतात.

कोणत्या प्रोसेसरबरोबर चालते?

ईसीसीसाठी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी या तिघांचे एकमत लागते. एकानेही साथ सोडली तर ती साध्या मेमरीप्रमाणे चालते, किंवा यंत्र सुरूच होत नाही.

एका प्रोसेसरच्या स्वस्त सर्व्हरसाठी इंटेलची झिऑन ई मालिका आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या झिऑन ई-२४०० मालिकेत ४ ते ८ कोअर आहेत आणि १२८ जीबीपर्यंत डीडीआर५ ईसीसी मेमरी बसते. एएमडीने मे २०२४ मध्ये एपिक ४००४ मालिका आणली. तिच्यात ४ ते १६ कोअर आणि १९२ जीबीपर्यंत मेमरीची सोय आहे. २०२५ मध्ये या दोघांच्या पुढच्या मालिका, झिऑन ६३०० आणि एपिक ४००५, बाजारात आल्या. त्यामुळे मागील मालिकेचा शिल्लक नवा माल सवलतीत मिळाला तर तो घेण्यात काही कमीपणा नाही.

याहून स्वस्तात करायचे असेल तर एएमडीच्या बहुतेक साध्या रायझन प्रोसेसरांत ईसीसीची क्षमता असते. मात्र मदरबोर्डच्या निर्मात्याने तसे आपल्या माहितीपत्रकात लिहिलेले असावे. डीडीआर४ काळातील, नावात ‘जी’ अक्षर असलेल्या रायझनमध्ये ती केवळ ‘प्रो’ जातीत मिळते. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून अनेक कोअर आय५ व आय७ प्रोसेसर ईसीसी घेतात, पण डब्ल्यू६८० जातीच्या महाग मदरबोर्डवरच. नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय नसते, वेगळे कार्ड घ्यावे लागते.

तेराव्या-चौदाव्या पिढीतील काही आय७ व आय९ प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि त्यावर बायोसची सुधारणा दिली. एकदा झालेली इजा या सुधारणेने भरून निघत नाही. म्हणून या पिढीचा वापरलेला प्रोसेसर जपून घ्यावा.

मेमरी घेताना

वर सांगितलेल्या सर्व प्रोसेसरांना यूडीआयएमएम जातीची मेमरी लागते. मोठ्या सर्व्हरांतून निघालेली आरडीआयएमएम जातीची ईसीसी मेमरी जुन्या बाजारात स्वस्त मिळते, पण ती येथे चालत नाही. डीडीआर४ मध्ये ती खाचेत बसतेदेखील, म्हणूनच फसगत होते. पट्टीवरील चिठ्ठी वाचावी. डीडीआर४ च्या चिठ्ठीवर पीसी४-३२०० असा मजकूर असतो. त्यानंतरच्या जोडाक्षरी भागाचे पहिले इंग्रजी अक्षर ‘यू’ असेल तर साधी मेमरी, ‘ई’ असेल तर ईसीसी यूडीआयएमएम आणि ‘आर’ असेल तर आरडीआयएमएम समजावी.

हे प्रोसेसर मेमरीशी दोन वाटांनी बोलतात. म्हणून ३२ जीबी हवी असल्यास १६ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकच पट्टी घातली तर एक वाट रिकामी राहते. डीडीआर५ मध्ये चारही खाचा भरल्यास मेमरीचा वेग उतरतो. पुढे वाढवायचा विचार असेल तर आजच दोन मोठ्या पट्ट्या घेणे हिताचे. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढली. अशा दिवसांत साधी पट्टी ईसीसी म्हणून किंवा वापरलेली नवी म्हणून गळ्यात पडण्याचा धोका जास्त असतो.

जुन्या मालाचा मोह

जुन्या बाजारात दोन प्रोसेसरांचे सर्व्हर थोडक्या पैशात मिळतात. उदाहरणार्थ, २०१६ चे दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ मिळून २८ कोअर होतात. त्यांच्यात ईसीसी असते, ही जमेची बाजू. पण प्रत्येक कोअर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झवर चालतो. उलट ४ कोअरचा झिऑन ई-२४३४ हा ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. हिशेबाचा एकेरी अहवाल काढताना हा धाकटाच पुढे राहतो. वीज पाहा. जुन्या जोडीची मर्यादा २४० वॅट, नव्याची ५५. सरासरी १०० वॅटचा फरक धरला, तरी अहोरात्र चालणाऱ्या यंत्राला वर्षाला ८७६ युनिट जादा लागतात. १० रुपये दर धरल्यास ८,७६० रुपये झाले. शिवाय जुन्या मदरबोर्डचा सुटा भाग वेळेवर मिळेलच असे नाही. कामाच्या दिवशी पेढी बंद राहिली तर स्वस्ताई तेथेच संपते.

पैसे देण्यापूर्वी

बिलावर ‘ईसीसी यूडीआयएमएम’ हे शब्द, मेमरीचा व प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. यंत्र सुरू करून विक्रेत्यास मेमरीची रुंदी दाखवायला सांगावे. डीडीआर४ ईसीसी असल्यास एकूण रुंदी ७२ आणि माहितीची रुंदी ६४ दिसली पाहिजे. दोन्हीकडे ६४ असेल तर मेमरी साधी आहे किंवा ईसीसी बंद आहे. डीडीआर५ मध्येही एकूण आकडा ६४ पेक्षा मोठा असावा. त्यानंतर मेमटेस्ट८६ ही तपासणी रात्रभर चालवावी. एकही चूक निघाली तर ती पट्टी परत करावी, ‘चालून जाईल’ हे ऐकू नये.

ईसीसी हा बॅकअपला पर्याय नाही. यूपीएस, आरशासारखी जोडलेली दोन एसएसडी आणि दुकानाबाहेर ठेवलेली हिशेबाची एक प्रत, ही तिन्ही हवीतच. मात्र बॅकअप जे लिहिले आहे तेच जपतो. मुळात बरोबर लिहिले जावे, याची काळजी मेमरीने घ्यायची असते. दुकानात तराजू घेताना आपण त्याची पितळ किती चकाकते हे पाहत नाही, काटा खरा आहे का हे पाहतो. हिशेबाचे यंत्र घेतानाही तीच नजर ठेवावी.