दोडक्याचा वेल व त्याच्या फुलांची वेळ

1810 साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यानजीक छावणी दिली व तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. त्या शहरातील आपल्या टोपी बाजारात भाजीवाला ज्याला तोरई म्हणतो तो आपला दोडका, आणि त्याची गिलकी म्हणजे आपले घोसाळे. (माझ्या कोंकणी मातृभाषेत दोडक्यालाच घोसाळे म्हणतात, तेव्हा नावापेक्षा शिरा पाहाव्यात हे बरे!)

भर वस्तीत परसू नसले तरी गच्चीवर एक मोठी कुंडी पुरते. तिच्या तळाला भोक मात्र हवे. बियांचे कवच कठीण असल्याने त्या रात्रभर भिजवून फेब्रुवारी-मार्चमध्ये अथवा पावसाच्या आरंभी लावाव्यात. शेणखत, पाणी व मांडव मिळाला की वेल आपण होऊन चढतो.

खरी अडचण पुढेच आहे. वेल पिवळ्या फुलांनी डवरतो, फुले गळून पडतात, आणि वेल वांझ निघाला असे म्हणून तो उपटला जातो. हा त्या वेलावर अन्याय होय. त्याची नर व मादी फुले निरनिराळी असतात. प्रथम घोसाने येतात ती नर फुले, ती गळावयाचीच. मादी फूल एकटे येते व पाकळ्यांखाली इवलासा दोडका घेऊनच जन्मते. तो इवला दोडकाच पिवळा पडून गळू लागला, तर बहुधा परागीभवन झाले नाही असे समजावे.

येथे एक मौज आहे. घोसाळ्याचे फूल पहाटे उमलते, दोडक्याचे मात्र सायंकाळी, मधमाश्या घरी परतण्याच्या सुमारास! गच्चीवर पतंग फिरकला नाही तर फळ कसे धरावे? म्हणून दिवेलागणीस ताजे नर फूल खुडावे, पाकळ्या काढाव्यात व त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. हे काम मुलांनीच करावे. मोठ्यांची बोटे जाड असतात.

नख सहज रुते तोवरच फळ तोडावे. एखादे फार कडू लागले तर ते शिजवून खाऊ नये, टाकून द्यावे. त्यातील कडू द्रव्य विषारी असते व त्याने वांत्या-जुलाब होतात.

एक फळ मात्र बियांसाठी वेलावरच वाळू द्यावे. आत तंतूंची जाळी तयार होते, टोकाचे टोपीसारखे झाकण गळते आणि काळ्या बिया खुळखुळत बाहेर पडतात.