फार चालत नाही हो आमची गाडी

बंगळूरच्या इंदिरानगरात गाडीविषयी बोलताना लोक हे वाक्य जरा कौतुकानेच म्हणतात. मुलांना शाळेत सोडायचं, सीएमएच रोडवरून भाजी आणायची, शनिवारी शंभर फुटी रस्त्यावर जेवायला जायचं. ऑफिसला मेट्रो आहेच. वर्षाकाठी तीन-चार हजार किलोमीटर होतात. मग दहा हजारांचं सर्व्हिसिंग अजून खूप लांब आहे, असा सगळ्यांचा हिशेब. तो कसा फसतो ते मी माझ्याच बॉनेटखाली पाहिलंय.

गाडी डिझेलची, २०२० च्या एप्रिलनंतरची, म्हणजे बीएस-सिक्स. वडिलांचा सांगलीत टेंपो होता, त्यामुळे अधूनमधून डिपस्टिक काढून बघायची खोड मला लहानपणापासून आहे. आजवर बघायचं ते एवढंच, की ऑइल आटलंय का. एका सकाळी उलटंच दिसलं. वरच्या खुणेच्या वर चांगलं बोटभर ऑइल होतं, आणि मधल्या काळात कुणी थेंबभरही घातलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे काका शेजारी उभे होते. म्हणाले, "वाढलंय ना? मग बरंच की! कमी झालं असतं तर काळजी." मी पट्टी नाकाशी नेली. डिझेलचा वास येत होता.

सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर त्यांनी आधी किलोमीटर विचारले आणि आकडा ऐकून "मॅडम, अजून ड्यू नाही" असं सांगितलं. जुन्या मद्रास रोडलगतच्या एका गॅरेजवाल्याने मात्र ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं आणि काही न बोलता ऑइलच्या चेंबरखाली ट्रे सरकवला.

झालं होतं ते असं. नव्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी ठरावीक प्रमाणात साठली की गाडी ती आपणहून जाळते. त्यासाठी लागणारी उष्णता मिळावी म्हणून बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडलं जातं. हायवेला एका वेगात गाडी पळत असेल तर साधारण पंधरा-वीस मिनिटांत हे काम उरकतं. पण डोमलूरच्या सिग्नलला ते सुरू झालं आणि बाराव्या मेनला घर आलं म्हणून आपण गाडी बंद केली, तर ते अर्धवट राहतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरू होतं. दर खेपेला थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसतं खरं, पण ते पातळ झालेलं असतं, आणि बेअरिंगवर त्याचा जो थर टिकायला हवा तो टिकत नाही. पातळी फारच चढली तर क्रँकशाफ्ट ते घुसळायला लागते, फेस होतो आणि पंपाला फेस धड ओढता येत नाही.

ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. गाडीच्या पुस्तिकेत एसीईए सी-थ्री किंवा तसं काही लिहिलेलं असतं, तेच घ्यावं. दुकानदाराचं "हेही चालतं" ऐकू नये, कारण ऑइलची राख काजळीसारखी जळून जात नाही, गाळणीतच बसून राहते. तेव्हापासून अधूनमधून रविवारी पहाटे गाडी हेब्बाळ ओलांडून विमानतळाच्या रस्त्याला नेते आणि एका वेगात पळवून आणते. घरचे हसतात. हसू देत.

किलोमीटरचा हिशेब का फसतो याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. टॉमटॉम कंपनीच्या २०२२ च्या वाहतूक पाहणीत बंगळूरच्या मध्यभागात १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं लागत होती. म्हणजे ताशी वीस-एकवीस. या वेगाने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिन पावणेपाचशे तासांच्या वर चाललं. हेच अंतर पुण्याच्या हायवेला ताशी सत्तरने कापलं असतं तर दीडशे तासही लागले नसते. ऑइलला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळते ती उष्णता, इंजिनाचं चालणं आणि नुसतं पडून राहणं. म्हणून पुस्तिकेत किलोमीटरच्या शेजारी महिने छापलेले असतात, बहुतेक गाड्यांना बारा. यातलं जे आधी येईल ते धरायचं. इंदिरानगरात आधी महिनेच येतात. तुटक आणि जवळच्या प्रवासाला काही कंपन्या त्याहून लवकर बदलायला सांगतात; ते बारीक टायपातलं पान शोधून वाचा.

पेट्रोलवाल्यांनी सुटलो म्हणू नये. इंजिन चालतं तेव्हा थोडी वाफ चेंबरमध्ये येतेच. डॅशबोर्डवरचा काटा मधे आला म्हणजे कूलंट तापलं. ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की ते पाणी आतच राहतं. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ऑइल भरायचं झाकण उघडलं तर खाली लोण्यासारखा पिवळट थर दिसतो तो यातूनच. नुसत्या झाकणाला असेल तर गाडी तास-दीड तास लांब फिरवून आणा आणि पुन्हा पाहा. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. अशी गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

तपासायची रीत सोपी आहे, पण आपल्याकडे ती जागेमुळे चुकते. आतल्या गल्ल्यांत निम्म्या गाड्या दोन चाकं फुटपाथवर चढवून उभ्या असतात, उरलेल्या बेसमेंटच्या उतारावर. तिथलं माप खोटं. गाडी सपाट जागी आणा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी काढून पुसा, पुरती आत घाला आणि मग वाचा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. बहुतेक मोटारींत या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं, म्हणून कमी असेल तर एकदम डबा न ओतता पाव-पाव लिटर घालून बघावं. गॅरेजमधूनही पट्टी पाहिल्याशिवाय निघू नका. डबा उघडलाच आहे तर उरवायचं कशाला, या विचाराने जास्त भरणारे हात पुष्कळ आहेत. डबा आपल्यासमोर फोडायला लावायचा, जुना फिल्टर मागून बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ठिबकलंय का ते वाकून पाहायचं. रंगावरून मात्र निकाल देऊ नका. डिझेलचं ऑइल थोडं चाललं तरी काळं पडतं.

ऑइलचा लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब गेला एवढंच सांगतो. चालत्या गाडीत तो लागला तर "घरापर्यंत नेऊ" हा विचार नको. डोमलूर फ्लायओव्हरवर असलात तरी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

आणखी एक, इथल्या झाडांमुळे. काचेच्या खाली जी जाळी असते तिच्यात पानं कुजून पाणी जायची भोकं बुजतात, आणि पावसाळ्यात ते पाणी केबिनमध्ये उतरतं. महिन्यातून एकदा हाताने पानं काढली की झालं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे गाडी उभी असली तरी ते जुनं होतं. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात. बॅटरीचंही तेच रडगाणं. छोट्या फेरीत ती भरतच नाही.

मोटरसायकलवाल्यांनी मोटारीचं उरलेलं ऑइल आपल्या गाडीत ओतू नये. बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलने तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू असं लिहिलेलं पाहून घ्या.

आणि पाऊस. २०२२ च्या सप्टेंबरात आउटर रिंग रोडच्या बाजूला गाड्या पाण्यात बुडाल्या, तेव्हा पाणी ओसरल्यावर चालू होतेय का बघू म्हणून बटण दाबायचा मोह भल्याभल्यांना झाला असेल. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी अजिबात चालू न करता टो करून न्यावी आणि आधी ऑइल बघायला सांगावं. अशा वेळी चालू करून बिघडवलेल्या इंजिनाचा खर्च साध्या विम्यात सहसा मिळत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं कलम वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे जूनच्या आत बघून ठेवा.